दसऱ्यानंतरची गुटी

दसरा झाला की प्राधिकरणातली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "काका, आता अंजिराची गुटी बांधली तर चालेल का?" पावसाळाभर कुणाला आठवण होत नाही. मग ड्रममधलं झाड फोफावलेलं दिसतं, मेव्हणा एक रोप मागतो, आणि तोवर ऑक्टोबर उजाडलेला असतो. मी टूलरूममधून रिटायर झालेला फिटर, मूळ पुरंदरचा; म्हणून अंजिराचं काहीही असलं की लोक माझ्याकडे येतात.

मी त्यांना उलट विचारतो, गुटी उतरवणार कधी? बांधायची तारीख त्यावरून ठरते.

आधी थोडं अंजिराबद्दल. दिवे, सोनोरी, राजेवाडी, गुऱ्होळी या पट्ट्यातलं अंजीर 'पुरंदर अंजीर' म्हणून 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवून बसलंय. आपलं हे पुणेरी अंजीर परागीभवनावाचूनच फळ धरतं. उंबराला त्याची चिलटं लागतात, याला लागत नाहीत. त्यामुळे फळातल्या बिया पोचट असतात, पेरून काही हाती येत नाही. रोप करायचं तर छाटाची काडी लावा, नाहीतर गुटी बांधा. दोन्ही त्याला मानवतात, कारण वड, पिंपळ, उंबर ही सगळी याचीच भावकी. वडाला जशा पारंब्या फुटतात तशी याच्याही फांदीत मुळं फोडायची जात्याच तयारी असते.

गुटीत आपण करतो काय? पेन्सिलीपेक्षा जाड, साधारण वर्षाची फांदी निवडायची आणि डोळ्याच्या जरा खाली इंचभर रुंदीची साल गोल काढायची. आतलं लाकूड तसंच ठेवायचं. चाकणच्या तळेगाव चौकात एक बाजू बंद झाली की कसं होतं, तसंच इथे होतं. लाकडातून पाणी वर जात राहतं म्हणून फांदी सुकत नाही. पण पानांनी केलेली साखर आणि मुळं फोडणारी संप्रेरकं सालीतून खाली येतात, त्यांची वाट बंद होते. ती कापाच्या वरच्या कडेला तुंबतात आणि तिथेच मुळं सुटतात. साल काढल्यावर उघडं पडलेलं गुळगुळीत लाकूड सुरीच्या पाठीनं खरवडून घ्यायचं. तो बुळबुळीत थर राहिला तर झाड साल पुन्हा जोडून घेतं आणि सगळी मेहनत फुकट. चीक वाहतो तो कापडानं टिपायचा. हातमोजे घालाच, कारण हा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात.

यावर भिजवून घट्ट पिळलेलं मॉस मूठभर लावायचं आणि प्लॅस्टिकनं दोन्ही टोकांना करकचून बांधायचं. मी पॅलेटला गुंडाळतात ती स्ट्रेच फिल्म वापरतो. ती स्वतःला चिकटते, सुतळी नाममात्र लागते, आणि आतली पांढरी मुळं दिसतात. वरून काळं कापड.

आता मुद्द्याचं. मुळं फोडायचा माल येतो पानांतून. म्हणजे घड्याळ आहे ते पानांचं. उबदार हवेत, पानं हिरवी असताना अंजिराची गुटी चार-सहा आठवड्यांत मुळावते. जून-जुलैत बांधली की ऑगस्टअखेर उतरते आणि रोपाला थंडीआधी दोन-तीन महिने मिळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघारी जातो, हवेतला ओलावा उतरतो. नोव्हेंबरात रात्री गार पडायला लागतात. चाकण-खेडकडच्या मोकळ्या रानात गारठा शहरापेक्षा जास्तच. डिसेंबरात पानं पिवळी पडून झाड विसाव्याला जातं. मग मुळांचं कामही थंडावतं.

त्यात तांबेरा. पावसाळा संपताना पान उलटून बघा. खालच्या बाजूला विटकरी पूड बोटाला लागली तर हे पान डिसेंबरची वाट बघणार नाही, आधीच गळेल. अशा फांदीवर गुटी बांधू नये. लोक कॅलेंडर बघतात, पानाची पाठ कुणी बघत नाही.

म्हणून माझा हिशेब सोपा आहे. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला असेल, पानं निरोगी असतील, तर बांधा. नोव्हेंबरच्या मध्यावर मुळं दिसली तर उतरवा, निम्मी पानं काढा, पिशवीत लावून सावलीत ठेवा. दिवाळी उलटल्यावर मात्र नव्यानं बांधू नका.

बांधून बसलाच असाल तर? उतरवायची घाई नको. मॉसमध्ये चार बारीक धागे दिसले म्हणून डिसेंबरात कापलेलं रोप उघडंबोडकं उभं राहतं: ना पान, ना पुरेसं मूळ. त्यापेक्षा ते आईच्याच अंगावर राहू द्या. मॉस सुकू द्यायचं नाही, एवढंच काम. इंजेक्शनच्या सिरिंजनं वरच्या टोकातून थोडं पाणी सोडायचं. आपल्याकडे नळाला पाणी दिवसाआड, तेव्हा नळाच्या वारी गुटीलाही पाणी, असं ठरवलं की विसरायला होत नाही. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत डोळे फुगून नवी पालवी आली की मुळं परत जोर धरतात. गोळा मुळांनी भरल्यावर खालून कापा.

खरं सांगायचं तर, उशीर झालेल्यांना मी गुटीपेक्षा काडीच सुचवतो. गावाकडे खट्ट्या बहराची छाटणी जूनच्या सुमाराला होते आणि फळ थंडीत येतं. मिठ्या बहराची सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, फळ फेब्रुवारी-मार्चपासून उन्हाळ्यात. म्हणजे तुम्ही गुटीची चौकशी करत असता तेव्हा पुरंदरात छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात! वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी घ्या, दोन डोळे मातीत, बाकीचे वर. घरच्या झाडाची छाटणी जानेवारीत करत असाल तर तीच काडी चालते. गुटीचा फायदा एवढाच की रोप जरा मोठं मिळतं आणि फळ लवकर दिसतं.

रोप कुठल्याही वाटेनं आलेलं असो, पहिला उन्हाळा शेडनेटखाली काढू द्या आणि पाऊस लागल्यावर जमिनीत लावा. फक्त कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि ड्रेनेजचा चेंबर यांपासून चांगलं लांब. अंजिराची मुळं ओलीच्या मागावर कुठवर जातील, सांगता येत नाही.