जुना गूळ काळा का पडतो?

ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात गूळ ओळखीचाच. वर्षभर ठेवलेली ढेप फोडून काळपट खडा जिभेवर ठेवला, की गोडीमागून खमंग, किंचित कडवट चव येते. गुळातील ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि अमिनो आम्लांची सावकाश अभिक्रिया होऊन तपकिरी द्रव्ये बनतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेली हीच अभिक्रिया तव्यावर भाकरी खरपूस करते.

म्हणून काळा गूळ खराबच असतो असे नाही. उलट पिवळाधमक रंग गंधकयुक्त पावडरीचाही असू शकतो. मात्र पावसाळ्यात गूळ पाझरून आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली, तर टाकून द्यावा. मधुमेहींनी 'जुना आहे' म्हणून सूट घेऊ नये. मुरला तरी गुळात साखरच असते.