ग्राहकाचें ‘होय’ आणि ग्राहकाचें मन

दुकानदार दुकान मांडून बसतो, माल चांगला असतो, भावहि वाजवी असतो. आणि तरी गिऱ्हाईक पायरी चढत नाहीं. असें कां होतें, याचा पद्धतशीर शोध घेण्याचें शिक्षण हल्लीं वाणिज्य महाविद्यालयांतून देतात. त्यांत नुसतीं पुस्तकें वाचून भागत नाहीं. चार-पांच विद्यार्थ्यांची तुकडी करून त्यांना प्रत्यक्ष बाजारांत पाठवितात. अशी एक पांच जणांची तुकडी गेल्या हिवाळ्यांत आमच्या सडक अर्जुनीस आली होती. ती काय शिकली, आणि तिच्याबरोबर मी निवृत्त शिक्षक काय शिकलों, तें आज आपल्याला सांगावयाचें आहे.

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख. नांवाप्रमाणेंच आमचें गांव सडकेवर, मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. येथील बायकांच्या एका बचत गटाच्या मनांत आलें कीं, घरचा बारीक तांदूळ एकेका किलोच्या पिशव्यांत भरून सडकेवर थांबणाऱ्या प्रवाशांना विकावा. पिशव्या बंद करण्याच्या यंत्रासाठीं कर्ज काढण्याचेंहि जवळ जवळ ठरलें होतें. तत्पूर्वीं, प्रवासी हा तांदूळ घेतील कीं नाहीं, एवढें शोधून काढण्याचें काम या मुलांनीं पत्करलें. त्यांना यांत फक्त गुण मिळावयाचे होते. त्या बायकांची मात्र कष्टाची शिल्लक पणाला लागली होती.

मुलांनीं दहा प्रश्नांचें पत्रक छापून आणलें आणि धाब्यांवर व चहाच्या ठेल्यांवर तीन दिवस उभें राहून तें शंभर प्रवाशांकडून भरून घेतलें. ‘येथील स्वच्छ, बारीक तांदूळ वाजवी दरानें मिळाल्यास आपण घ्याल काय?’ या मुख्य प्रश्नाला बहुतेकांनीं ‘होय’ म्हटलें. मुलें हर्षभरित होऊन माझ्याकडे आलीं. मींहि चष्मा लावून बेरीज तपासली, ती बरोबर निघाली, आणि मीं त्यांची पाठ थोपटली. बेरीज जुळली कीं सत्य सांपडलें, असें मानण्याची शिक्षकाची ही जुनी खोड!

गटांतील एक वयस्क बाई मात्र शांतपणें म्हणाल्या, “गुरुजी, होय म्हणाले ते खरं, पण खिशांत हात कोणी घातला का?”

या प्रश्नाचें उत्तर आमच्यापैकीं कोणापाशींच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं बायकांनीं ठेल्याशेजारीं मेजावर वीस पिशव्या मांडल्या. मुलांनीं त्या दिवशीं कांहींएक विचारावयाचें नाहीं, नुसतें बसून पाहावयाचें, असें ठरलें. संध्याकाळपर्यंत तीन पिशव्या खपल्या.

मग आम्ही रात्रीं पत्रकें पुन्हां उघडून चूक शोधूं लागलों. पहिली चूक प्रश्नाचीच होती. हातांत कागद घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘नाहीं’ म्हणून कोण हिरमुसला करील? ‘होय’ म्हणण्याला एक पैसाहि पडत नाहीं. म्हणून ‘आपण काय कराल’ असें विचारण्यापेक्षां ‘मागच्या वेळीं तांदूळ कोठून घेतला, किती घेतला, तोच कां घेतला’ असें विचारावें. मनुष्य भविष्याविषयीं सौजन्यानें बोलतो. घडून गेलेल्या गोष्टीविषयीं त्याला पुष्कळसें खरें सांगतां येतें.

दुसरी चूक माणसें निवडण्यांतली. मुलांनीं शंभरहि जण मोटारींतून उतरलेले, हंसतमुख दिसणारे असे निवडले होते. सडकेवर सर्वांत अधिक वेळ थांबतात ते ट्रकचालक. त्यांच्याजवळ कोणी गेलेंच नव्हतें. ही चूक थोरामोठ्यांकडूनहि झालेली आहे. अमेरिकेंत १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटी लोकांकडे पत्रकें धाडलीं. वीस लाखांहून अधिक भरून परत आलीं, आणि त्यांवरून रूझवेल्ट पडणार असें भाकित केलें. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यांनीं रूझवेल्टनाच कौल दिला. पत्रकें बहुतांशीं टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या यादींवरून पाठविलीं होतीं; ज्यांच्या घरीं या दोन्ही वस्तु नव्हत्या, त्यांचें मत विचारण्याचें राहून गेलें. उलट, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांची सावधगिरी पाहा. त्यांनीं पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. पण तें खेडें पुणें-खडकीच्या जवळचें. तेथील लोकांना शहरांतील मजुरीचा आधार. एवढ्यावरून सगळ्या दख्खनचें अनुमान करणें बरें नव्हे, म्हणून त्यांनीं शहरापासून लांबच्या जातेगांव बुद्रुकची निराळी पाहणी केली व ती १९२१ सालीं छापली.

तिसरी चूक मला सर्वांत मोठी वाटते. तुकडींतील एका मुलीनें पत्रकाच्या समासांत लिहून ठेवलें होतें : ‘बाईंनीं विचारलें, तांदूळ नवा कीं जुना?’ पत्रकांत त्यासाठीं रकाना नव्हता, म्हणून तुकडीच्या पुढाऱ्यानें तें वगळलें होतें. आणि मुलगीहि भिडस्तपणानें गप्प बसली होती. आतां चौकशी केली तेव्हां इतर तिघांनींहि हाच प्रश्न ऐकला होता असें निघालें. प्रत्येकानें तो क्षुल्लक समजून आपल्यापाशींच ठेवला होता.

वस्तुतः सगळें मर्म त्या एका प्रश्नांत होतें. नवा तांदूळ शिजतांना चिकटतो, त्याचा भात आसट होतो. जुना तांदूळ पाणी अधिक पितो आणि मोकळा शिजतो. अनोळखी गांवचा तांदूळ घेतला आणि घरीं भाताचा गोळा झाला तर? गृहिणीची भीति ही होती. ती किंमतीची नव्हती, स्वच्छतेचीहि नव्हती.

निराळें दिसतें तें फेंकूं नये, हा धडा आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यानें पूर्वींच दिलेला आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ सालीं आपल्या ‘पटेल-३’ धानांत कांहीं लोंब्या वेगळ्या दिसल्या. भेसळ म्हणून उपटून न टाकतां त्यांनीं त्यांचें बी जपलें, आणि वर्षानुवर्षें पेरून व निवडून त्यांतून बारीक तांदळाची एक जात सिद्ध केली. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नांव मिळालेला तांदूळ तो हाच. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. त्यांचें शिक्षण तिसरीपर्यंतचें होतें, पण दृष्टि मात्र अशी होती. समासांतील ती एक ओळ म्हणजे आमच्या पत्रकांतील वेगळी लोंबीच होती.

बायकांनीं कर्जाचा बेत तहकूब केला. नवा-जुना तांदूळ वेगळा ठेवून, दोन वेळच्या भातापुरत्या अर्ध्या किलोच्या पिशव्या त्यांनीं हातानेंच शिवल्या आणि प्रत्येकीवर धान कोणत्या सालचें तें लिहिलें. विक्री अफाट झाली असें नाहीं. परंतु पिशव्या खपूं लागल्या, आणि डोक्यावर ऋण नाहीं. मुलांनींहि आपल्या अहवालांत पहिलें चुकीचें अनुमान न लपवितां लिहिलें, हें मला त्यांच्या गुणांहून मोलाचें वाटतें.

श्रोते हो, आपणहि कोणाचे तरी ग्राहक आहांच. उद्यां एखादा विद्यार्थी कागद घेऊन आपल्या दारीं आला, तर त्याचें मन राखण्यासाठीं ‘होय’ म्हणूं नका. घेणार नसाल तर तसें सांगा, आणि कां घेणार नाहीं तेंहि सांगा. त्या कागदाच्या पलीकडे कोणाची तरी शिल्लक पणाला लागलेली असते.