डीएनए-पेंट सूक्ष्मदर्शनाचा वेग

डीएनए-पेंट ही पेशीतील रेणूंची स्थाने काही नॅनोमीटर इतक्या बारकाईने टिपणारी अतिविभेदी सूक्ष्मदर्शनाची पद्धत आहे. राल्फ युंगमान, फिलिप टिनेफेल्ड, फ्रिडरिख झिमेल व सहकाऱ्यांनी ती २०१० मध्ये मांडली. प्रकाशाच्या विवर्तनामुळे साध्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे बिंदू वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा येथे ओलांडली जाते. मात्र त्याची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते.

ज्या प्रथिनाचे चित्र हवे, त्याला डीएनएचा एक छोटा एकपदरी धागा जोडतात. द्रावणात त्याचा पूरक असा, साधारण ८ ते १० बेसचा आणि फ्लुओरोसंट रंगद्रव्य लावलेला धागा तरंगत असतो. तो क्षणभर चिकटतो, तेवढ्यात तो बिंदू चमकतो, आणि धागा सुटतो. अशा हजारो लुकलुकण्यांच्या नोंदींतून चित्र उभे राहते.

विलंब होतो तो चिकटण्याची वाट पाहण्यात. बंधनाचा दर प्रति मोलर प्रति सेकंद सुमारे १० लाख आणि धाग्यांची संहती ५ नॅनोमोलर धरली, तर एका स्थानी दोन बंधनांमध्ये सरासरी २०० सेकंद जातात. दहा नोंदी हव्या असल्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. संहती वाढवणे हा सहज सुचणारा उपाय. पण मग तरंगणाऱ्या धाग्यांचाच उजेड इतका वाढतो की एकट्या रेणूची चमक त्यात बुडून जाते.

म्हणून खरी प्रगती धाग्यांच्या रचनेतून झाली. २०१९ मध्ये युंगमान यांच्या गटाने केवळ थायमीन व सायटोसीन असलेले स्थिर धागे आणि त्यांना पूरक असे तरंगते धागे वापरले. असे धागे स्वतःभोवती दुमडत नाहीत. द्रावणातील क्षारांचे प्रमाणही बदलल्याने वेग सुमारे दहापट झाला. पुढच्याच वर्षी स्थिर धाग्यावर एकच क्रम पुनःपुन्हा गुंफण्यात आला. तरंगत्या धाग्याला चिकटण्यास अनेक जागा मिळाल्या आणि मूळ पद्धतीच्या तुलनेत वेग शंभरपटीपर्यंत गेला. कल्पना साधी आहे; तिच्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

२०२२ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी पार्श्वउजेडावरच घाव घातला. त्यांच्या धाग्याच्या एका टोकाला रंगद्रव्य, तर दुसऱ्या टोकाला चमक शोषणारा रेणू असतो. मोकळ्या धाग्याची टोके जवळ येतात व तो मंद राहतो. चिकटल्यावर तो ताठ होतो आणि उजळतो. त्यामुळे संहती वाढवता येते.

वेग वाढला की शेजारची दोन स्थाने एकाच वेळी चमकण्याची शक्यताही वाढते. ते टाळण्यासाठी प्रत्येक बंधन अल्पकाळच टिकावे लागते. पण अल्पकाळात कमी फोटॉन मिळतात, आणि त्यामुळे स्थाननिश्चितीची अचूकता घटते.