मदर जोन्स आणि बालकामगारांची पदयात्रा (१९०३)

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीनंतर अमेरिकेतील कापडगिरण्या, कोळसाखाणी व काचकारखाने यांत मुलांच्या श्रमाचा सर्रास वापर होऊ लागला. १९०० च्या जनगणनेनुसार १० ते १५ वयोगटातील सुमारे साडेसतरा लाख मुले अर्थार्जन करीत होती. या प्रथेविरुद्धच्या लढ्यात मेरी हॅरिस जोन्स ऊर्फ 'मदर जोन्स' यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मूळच्या आयर्लंडमधील जोन्स यांनी १८६७ मधील पीतज्वराच्या साथीत पती व चारही अपत्ये गमावली. पुढे कामगार चळवळ हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

संपाची पार्श्वभूमी

१९०३ मध्ये फिलाडेल्फियातील केन्सिंग्टन भागात कापड कामगारांनी संप पुकारला. आठवड्याचे काम ६० तासांवरून ५५ तासांवर आणावे, ही प्रमुख मागणी होती. संपकऱ्यांमध्ये हजारो मुले होती. यंत्रात हाताची बोटे गमावलेली मुलेही जोन्स यांनी पाहिली. पेनसिल्व्हेनिया राज्यात किमान वयाचा कायदा होता. परंतु वयाचा पुरावा म्हणून पालकांचे शपथपत्र पुरेसे मानले जाई. दारिद्र्यापोटी पालक वय वाढवून सांगत व गिरणीमालकांनाही ते सोयीचे असे. परिणामी कायदा कागदावरच राहिला.

पदयात्रा

स्थानिक वृत्तपत्रे या प्रश्नाची दखल घेत नाहीत, हे लक्षात आल्यावर जोन्स यांनी ७ जुलै १९०३ रोजी मुले व प्रौढ संपकरी यांची पदयात्रा काढली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे ऑयस्टर बे येथील उन्हाळी निवासस्थान हे तिचे अंतिम गंतव्य होते. शाळेत जाऊ द्या, अशी मागणी मुलांच्या फलकांवर होती. कोनी आयलंड येथे जोन्स यांनी प्राण्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यांत मुलांना उभे करून त्यांची अवस्था प्रेक्षकांपुढे मांडली. जुलैअखेर त्या ऑयस्टर बे येथे पोहोचल्या. मात्र रूझवेल्ट यांनी भेट नाकारली. हा विषय राज्यांच्या अधिकारकक्षेतील असल्याचे त्यांच्या कार्यालयाने कळविले.

फलित

संप अयशस्वी झाला आणि मुले गिरण्यांत परतली. तथापि, प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा विषय बनला. १९०४ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समिती स्थापन झाली. १९०५ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कारखान्यातील कामासाठी किमान वय १४ वर्षे केले. १९१६ चा संघीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये घटनाबाह्य ठरविला. अखेर १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्याने देशव्यापी निर्बंध आले. जोन्स यांचे निधन त्यापूर्वीच, १९३० मध्ये झाले होते.

समारोप

पदयात्रेने तात्कालिक उद्दिष्ट साधले नाही. परंतु केवळ वयोमर्यादा ठरवून बालश्रम थांबत नाही, हे केन्सिंग्टनच्या अनुभवाने दाखविले. वयाचा विश्वासार्ह पुरावा, प्रौढांना पुरेसे वेतन आणि अंमलबजावणीची निश्चित जबाबदारी यांवाचून पालकाची असहायता हीच कायद्यातील पळवाट ठरते.