नमुना १८ घेऊन मांडवीत

सकाळी सात
रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर फिरायला आलेली मंडळी उन्हं चढायच्या आत गाठावी लागतात. ऑक्टोबर २०२३. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी तयार होत होती. ही यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावर सुरू होते. २०१८ ला मत दिलेल्याचं नावही आपोआप चढत नाही. हे ऐकून एक निवृत्त बँकवाले तडकले, "सर, माझ्याकडे मतदार कार्ड आहे की!" ते विधानसभेचं, म्हणालो आणि पिशवीतून पदवीधर मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८ काढला. १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत आणि राहणं मतदारसंघात हवं. वर गंमत अशी की मतदार पदवीधरच लागतो, उमेदवाराला मात्र पदवीची अट नाही.

साडेनऊ
एका घरात सासूबाईंनी कपाटातून सुनेची बी.कॉम.ची पदवी काढली. लॅमिनेशन केलेली, कोरी करकरीत. "काका, नाव माहेरचं आहे," सून म्हणाली. मग विवाह नोंदणीचा दाखला शोधणं आलं, झेरॉक्स आली, राजपत्रित अधिकाऱ्याची सही आली. बायकांची नावं यादीत कमी का, याचं निम्मं उत्तर या कागदांतच आहे. तोवर सासूबाईंचा प्रश्न तयार होता, "ह्या आमदाराला निधी असतो का?" असतो, विधानसभेच्या आमदाराइतकाच. "मग भरा तिचा अर्ज."

अकरा
शेजारच्या गुरुजींना शिक्षक मतदारसंघाचा अर्ज हवा होता. तो त्यांना मिळत नाही, कारण प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही. माध्यमिक आणि त्यावरच्यांनाच आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमातच तसं आहे. गुरुजी बी.ए. आहेत म्हणून त्यांना नमुना १८ दिला. घेतला, पण मनातून नाही.

साडेबारा
तहसील कचेरी. गठ्ठ्याने आणलेले अर्ज इथे घेत नाहीत. एका घरातल्यांचे एकाने दिले तर चालतात, संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे देऊ शकतो. माझ्यासारख्या उपद्व्यापी माणसाने वाडीचे आणलेले चालत नाहीत. नियम बरोबरच आहे, नाहीतर पक्षांनी ट्रक भरून आणले असते. म्हणून मी माणसंच रिक्षात घालून नेली.

तीन
फोनाफोनी. चाकरमान्यांचा हिशेब निराळा. परळला राहणाऱ्याचं नाव मुंबई पदवीधरमध्ये, डोंबिवलीवाल्याचं मात्र आपल्याच कोकणात, कारण पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे मिळून एक आमदार. खरी मेख इथेच आहे. अखेर जी यादी झाली तीत सुमारे २ लाख २३ हजार नावं होती. त्यांतली जवळजवळ ९९ हजार एकट्या ठाणे जिल्ह्यातली, रत्नागिरीची २३ हजारही भरली नाहीत. १८९५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेलेले टिळक ज्या गावात जन्मले, तिथले पदवीधर भिंतीवर पदवी टांगून गप्प बसतात. ठाण्यात लोकवस्ती जास्त, हे मला कळतं. पण आपल्या आळीतली नावं कुणी अडवली होती?

सहा
ओट्यावर मतपत्रिकेचा धडा. इथे यंत्र नाही, कागद आहे. उमेदवारापुढे पसंतीचा १ लिहायचा, हवं तर पुढे २, ३. बरोबरची खूण केली तर मत बाद, आणि आयोगाने दिलेल्याच पेनने लिहायचं. पदवीधरांची मतं बाद होतात, हे सांगताना माझ्यातला मास्तर दरवेळी ओशाळतो.

आठ
राहिलेल्या नावांवर खुणा केल्या आणि वही मिटली.

२६ जून २०२४ ला मतदान झालं. ठाण्याचे निरंजन डावखरे पुन्हा निवडून आले, आपले रत्नागिरीचे रमेश कीर हरले. पक्षांची गणितं त्यात होतीच, पण यादीचं गणित त्याच्या किती तरी आधी सुटलेलं असतं. मुदत सहा वर्षांची, म्हणजे पुढची यादी २०२९ च्या ऑक्टोबरात सुरू होईल. पदवीची झेरॉक्स काढून ठेवा, वहिनींचा विवाहाचा दाखला शोधून ठेवा आणि अर्ज स्वतः नेऊन द्या. रिक्षाचे पैसे मी देईन.