साझची हॉपवेल

बियरचें नांव निघतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु आम्हांस त्या पेयाविषयीं नव्हे, तर त्यास कडवटपणा व सुगंध देणाऱ्या वेलीविषयीं लिहावयाचें आहे. ही हॉपवेल भांगेच्या कुळांतली. तिच्या शास्त्रीय नांवांतील 'ल्युप्युलस' या लॅटिन पदाचा अर्थ लहान लांडगा; दुसऱ्या झाडांस ती आवळून टाकते म्हणून हें नांव, अशी व्युत्पत्ति सांगतात. आम्हांस ती जरा सोयीचीच वाटते.

हिच्यांत नर व मादी वेली निराळ्या असतात. उपयोगी पडते ती मादी. तिच्या फुलोऱ्याच्या पाकळ्यांच्या बुडाशीं पिवळी, चिकट भुकटी असते. तींतील अल्फा आम्लें उकळलीं म्हणजे कडवटपणा येतो व पेय नासविणाऱ्या कित्येक जंतूंस आळाही बसतो.

चेक देशांतील झातेत्स, जर्मन नांव साझ, येथील जातींत हीं आम्लें शेंकडा अवघीं 3 ते 4. जर्मनींतील मॅग्नम जातींत तीं शेंकडा 11 हूनही अधिक. मग साझचा एवढा मान कां? तो तिच्या सौम्य, वनस्पतींसारख्या व किंचित् मसालेदार सुगंधामुळें. फार्नेसीन नांवाचें द्रव्य तिच्या तेलांत विशेष आढळतें. 1842 सालीं योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानें पिल्सेन गांवीं जी सोनेरी बियर प्रथम केली, ती याच हॉपवर.

ही वेल आमच्या नागवेलीप्रमाणें बियांपासून नव्हे, फुटव्यांपासून लावतात. म्हणून मातेचे गुण जसेच्या तसे उतरतात. कारेल ओस्वाल्ड यांनीं 1927 पासून जुन्या मळ्यांतून उत्तम वेली निवडून त्यांची वाढ केली. आजची साझ बहुतांशीं त्यांच्याच वंशांतली. सुमारें 7 मीटर उंच तारांच्या मांडवावर ती चढते.

परंतु ज्या निवडीनें सुगंध टिकला, तिनेंच अडचणही आणली. एकाच वंशाच्या वेलींस एकाच वेळीं उन्हाचा तडाखा बसतो. उन्हाळा कडक व कोरडा गेला कीं उत्पन्न घटतें आणि मुळांतच थोडीं असलेलीं आम्लें आणखी उतरतात. 2022 च्या अवर्षणांत हें पीक फारच बुडालें. पुढल्याच वर्षीं झातेत्स व भोंवतालचे हॉपचे मळे यांस युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला! दुष्काळ सोसणाऱ्या नव्या जाती तेथील संशोधक तयार करीत आहेत. पण मद्यकार त्यांचा वास घेऊन पाहतात, तो साझशीं ताडूनच.