डोळ्यांच्या कडेची सुरकुती पुसू नका

भाऊबीज उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, मंडईचे म्हणजे गावजत्रांचे दिवस येतात आणि त्यांच्यासोबत वडशाच्या नाट्यमंडळांचे फलक. नाटकाच्या नावाखाली चेहऱ्यांची दाटी असते, मधोमध मुंबईहून आलेला एखादा सिनेतारा. रात्रभर थंडीत बसायचं की नाही, हे बरेच जण हे चेहरे पाहूनच ठरवतात.

रंगमंचावरचा चेहरा मात्र वेगळं काम करतो. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं ते हसू, कारण त्यात ओठ ताणले जातात, दात दिसतात. भीती तितक्या दूरवरून ओळखू येत नाही. म्हणून झाडीपट्टीचा नट भुवया, मान, हात सगळं कामाला लावतो. छायाचित्रात हे अंतरच नाहीसं होतं आणि नजर सरळ डोळ्यांवर जाते.

खरं हसू डोळ्यांत शोधलं ते फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी. त्यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन त्यांची छायाचित्रं काढवून घेतली आणि १८६२ मध्ये ती ग्रंथरूपात मांडली. ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू आपल्या हुकमात असतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू सहजासहजी ऐकत नाही. तो आकसला की गाल वर चढतात, पापणीवरची त्वचा किंचित खाली येते, कडेला बारीक सुरकुत्या पडतात. सरावाने तोही हलवता येतो, हे पुढच्या संशोधनात दिसलं. कसलेल्या नटांना ते जमत असणारच. तरी बघणाऱ्याचा विश्वास बसतो तो याच खुणांवर. फलकावरच्या चेहऱ्याचं तोंड तळव्याने झाकून बघा, फरक लगेच कळेल.

अशा खुणा टिपणारे म्हणून मला आठवतात ते छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११). त्यांच्या ‘चेहरे’ या पुस्तकातले तारे जवळचे वाटतात. प्रकाशयोजनेचं श्रेय मोठंच, पण समोरच्याला मोकळं करण्याची हातोटी मला त्याहून मोलाची वाटते.

छायाचित्र काढताना अंतराचंही गणित असतं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. चार पावलं मागे सरकलं की ते जागेवर येतं.

पण फलक तयार होताना संगणकावर त्वचा गुळगुळीत केली जाते आणि पहिल्यांदा पुसल्या जातात त्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. ओठ हसत राहतात, डोळे कोरे पडतात. रात्र-रात्र जागून गावं हसवणाऱ्या, रडवणाऱ्या या कलावंतांच्या चेहऱ्यांवर हा अन्याय आहे. फलक सजवणाऱ्यांनी तेवढा भाग तरी हात न लावता सोडावा.